पट्ट्याआधी माप

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगाव हे सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळदीच्या पट्ट्यातील गाव. सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांच्या पुसेगावशी त्याचे नाते केवळ नावापुरते. या भागातील व्यापारी कुटुंबांचा दिवस दुकानाच्या गादीवर, गल्ल्यामागे, वजनकाट्याजवळ सरतो. बसणे फार, चालणे थोडे. पन्नाशी उलटली की घरातील एखाद्या बाबांच्या किंवा काकूंच्या पायाची तक्रार सुरू होते. पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात, संध्याकाळी सूज दिसते. त्यावर घरोघरी ठरलेला उपाय म्हणजे औषधाच्या दुकानातून घट्ट मोजा किंवा क्रेप बँडेज आणून पायाला गुंडाळणे. पोटात घ्यायचे औषध नाही, सुई नाही, मग अपाय तो काय होणार, असा त्यामागचा हिशेब असतो.

हा हिशेब एका आजारात अगदी बरोबर ठरतो. दुसऱ्या आजारात तोच चुकतो आणि त्या चुकीची किंमत पायाचे बोट, पाऊल किंवा अख्खा पायही असू शकते. दोन्ही आजारांत रुग्णाची तक्रार एकच असते, “पाय दुखतो.” म्हणूनच पट्टा बांधण्यापूर्वी पायाचा रक्तदाब मोजणे किती आवश्यक आहे, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेतले पाहिजे.

आवक आणि जावक

व्यापाऱ्याला ही गोष्ट समजायला कठीण नाही. हृदयाकडून पायाकडे प्राणवायूयुक्त रक्त नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे रोहिणी. ती पायाची आवक. पायातील वापरलेले रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे नीला; ती जावक. नीलांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकलले जाते आणि झडपा त्याला खाली परतू देत नाहीत. तासन्‌तास उभे राहण्याने, वयामुळे किंवा अनुवंशाने या झडपा सैल झाल्या की जावक तुंबते. पायावर निळसर, गाठाळ शिरा फुगतात, संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात, घोट्याच्या आतील बाजूची त्वचा तपकिरी पडते आणि पुढे तेथे ओलसर जखम होते. अशा वेळी बाहेरून दिलेला दाब नीलांना आवळून धरतो, झडपांना आधार देतो आणि तुंबलेले रक्त वर सरकवतो. नीलांच्या जखमा भरून आणण्यासाठी घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देणारी पट्टी हा जगभर मान्य असलेला मुख्य उपचार आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि वय यांमुळे रोहिणींच्या आतल्या भिंतीवर चरबीचा व चुन्याचा थर साचतो. वाट अरुंद होते आणि आवकच घटते. यालाच डॉक्टर पेरिफेरल आर्टरी डिसीज, संक्षेपाने पीएडी, म्हणतात. ज्या पायात रक्त पोहोचण्याचीच मारामार, त्या पायावर बाहेरून आणखी दाब दिला तर उरलेली आवकही थांबू शकते. त्वचा काळी पडते, टाचेवर, नडगीच्या हाडावर किंवा बोटांवर जखम होते आणि ती भरत नाही.

नडगीच्या हाडाचा उल्लेख येथे सहेतुक आहे. पट्टी एकाच ताणाने गुंडाळली तरी तिचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. जाड पोटरीवर तो कमी असतो; बारीक घोट्यावर, हाडाच्या कडेवर आणि टाचेमागच्या स्नायुबंधावर कितीतरी अधिक असतो. वृद्धांचे पाय वाळलेले असतात आणि मधुमेहामुळे पुष्कळदा बधिरही असतात. टोचते आहे, रुतते आहे, हे सांगायला ती त्वचा समर्थ नसते.

सुजेचा चकवा

सर्वांत मोठी फसगत होते ती सुजेमुळे. रोहिणीविकार फार वाढला की रुग्णाला आडवे झाल्यावरही पावलात आग होते, बोटे ठणकतात. रात्री तो उठतो आणि पाय पलंगाखाली सोडून बसतो. पाय खाली लोंबला की गुरुत्वाकर्षणाच्या मदतीने थोडे अधिक रक्त उतरते आणि वेदना शमते. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे खुर्चीतच रात्र काढतात. सतत लोंबलेल्या पायात पाणी उतरते, पाय सुजतो, लालसरही दिसतो. घरच्यांना केवळ सूज दिसते. सूज म्हणजे पट्टा, असे समीकरण डोक्यात पक्के असते. पट्टा बांधला जातो आणि ज्या पायाला रक्ताची सर्वांत अधिक गरज असते, त्याच पायाचा श्वास कोंडला जातो.

दोन्ही आजारांची घरच्या घरी नेमकी ओळख पटवणे शक्य नसले, तरी काही खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. नीलांच्या आजारात पाय उंच केल्याने बरे वाटते. रोहिणीच्या आजारात पाय खाली सोडल्याने बरे वाटते. नीलांचा त्रास दिवसभर उभे राहिल्याने वाढतो. रोहिणीचा त्रास चालताना येतो. ठराविक अंतर चालले की पोटरीत पेटका येतो, दोन-चार मिनिटे उभे राहिले की जातो आणि पुन्हा तेवढेच अंतर चालल्यावर परततो. रोहिणीविकारात पाऊल थंड लागते, त्यावरचे केस जातात, त्वचा चकचकीत व पातळ होते. पाय वर धरला तर फिका पडतो आणि खाली सोडला तर हळूहळू लाल होतो. मात्र मधुमेहाने बधिर झालेल्या पायात वेदना नसतेच. तेथे पहिली खूण बोटावरची न भरणारी छोटी जखम हीच असू शकते. शिवाय अनेकांच्या पायात दोन्ही आजार एकत्र नांदतात. म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये, माप घ्यावे.

मापाची रीत

हे माप घेणे अवघड नाही. रुग्णाला दहा मिनिटे उताणे झोपवतात. नेहमीच्याच रक्तदाबाच्या पट्ट्याने दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा दाब मोजतात. घोट्याशी नाडीचा आवाज स्टेथोस्कोपने नीट ऐकू येत नाही, म्हणून हातात मावणारा डॉप्लर हा छोटा यंत्रसंच वापरतात. त्यातून निघणाऱ्या ध्वनिलहरी वाहत्या रक्तावरून परावर्तित होतात आणि नाडीचा सूंऽ-सूंऽ असा आवाज ऐकू येतो. मग प्रत्येक पायासाठी घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागतात. येणारा आकडा म्हणजे घोटा-दंड निर्देशांक. डॉक्टर त्याला एबीपीआय म्हणतात. सारा खेळ पाव-अर्ध्या तासाचा, आणि त्यात वेदना अजिबात नाही.

निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा किंचित अधिक असतो. निर्देशांक १ ते १.४ असेल तर आवक ठीक मानतात. ०.९ किंवा त्याहून कमी आला तर रोहिणीविकार आहे असे समजतात. एखाद्या गृहस्थांचा दंडाचा दाब १५० आणि घोट्याचा ७५ भरला, तर निर्देशांक ०.५ झाला, म्हणजे पायाला निम्म्याच दाबाने रक्त मिळते आहे. मधुमेहींच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. त्यांच्या रोहिणी चुन्याने कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा १.४ च्याही वर जातो. हा आकडा चांगल्या तब्येतीचा पुरावा नव्हे. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा लागतो, कारण बोटांतील बारीक रोहिणी सहसा कडक झालेल्या नसतात.

या आकड्यावर पुढचा सारा व्यवहार ठरतो. सर्वसाधारण रीत अशी: निर्देशांक ०.८ च्या वर असेल तर नीलांच्या आजारासाठी पूर्ण दाबाची पट्टी देता येते. ०.५ ते ०.८ दरम्यान असेल तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सौम्य दाब, तोही वारंवार पाय तपासून. ०.५ च्या खाली घट्ट पट्टी वर्ज्य. २०२० साली युरोपातील व इतर तज्ज्ञांनी मिळून केलेल्या एकमत-निवेदनात ही रेषा अधिक काटेकोर केली आहे. निर्देशांक ०.६ पेक्षा कमी, घोट्याचा दाब ६० मिलिमीटरपेक्षा कमी किंवा अंगठ्याचा दाब ३० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर सतत दाब देणारे मोजे व पट्ट्या वापरू नयेत, असे त्यात म्हटले आहे.

याचा अर्थ रोहिणीविकार असलेल्या प्रत्येकाला दाब निषिद्ध आहे, असा मात्र नाही. दोन्ही आजार असलेल्या रुग्णांवर इटलीतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निर्देशांक ०.५ च्या वर आणि घोट्याचा दाब ६० च्या वर असेल तर न ताणणारी पट्टी ४० मिलिमीटरपर्यंतच्या दाबाने बांधूनही पायाचा रक्तपुरवठा घटला नाही, असे आढळले. न ताणणारी पट्टी आडवे झाल्यावर फारशी आवळत नाही. ताणणारी पट्टी रात्रंदिवस आवळतच राहते. हा भेद जाणणारा हात आणि मोजलेला आकडा या दोन्ही गोष्टी तेथे होत्या. घरी अंदाजाने गुंडाळलेल्या क्रेप बँडेजमध्ये यांपैकी काहीच नसते. शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी रुग्णालयात चढवतात त्या पांढऱ्या लांब मोज्यांनाही हाच नियम लागू आहे. घरातील रुग्णाला पायाच्या रोहिणीचा आजार असेल, तर नातेवाइकांनी ते आधीच सांगावे.

हवेचा पंप: नेमका कोणासाठी?

दाबाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो रोहिणीविकारासाठीच घडवलेला आहे. सतत आवळण्याऐवजी क्षणभर दाबायचे आणि सोडून द्यायचे, हे त्याचे तत्त्व. १९३०च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे रीड आणि हरमन या डॉक्टरांनी पाय एका बंद पात्रात ठेवून आलटून पालटून हवेचा दाब व शोषण देण्याचा प्रयोग केला होता. आजचे यंत्र त्यापेक्षा सुटसुटीत आहे. रुग्ण पाय खाली सोडून खुर्चीत बसतो. पावलाभोवती आणि पोटरीभोवती हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात. यंत्र त्या झटकन फुगवते, साधारण १२० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत, आणि काही सेकंदांत रिकाम्या करते. मिनिटाला सुमारे तीन वेळा हे चक्र चालते.

इतका दाब असूनही तो अपाय का करत नाही? कारण तो टिकत नाही. बसलेल्या माणसाच्या पावलातील नीलांत रक्त साचलेले असते आणि तेथे बराच दाब असतो. पिशवी फुगताच नीला रिकाम्या होतात. पिशवी सुटताच रोहिणीकडचा दाब आणि नीलांकडचा रिकामेपणा यांतील तफावत वाढते, आणि त्या तफावतीने रोहिणीतील रक्त पुढे ओढले जाते. गोदामातील जुना माल उचलला की नव्या मालाला जागा होते, तसेच हे. शिवाय रक्ताचा वेग वाढला की वाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते आणि बारीक रोहिणी रुंदावतात.

मेयो क्लिनिक या अमेरिकी संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, रक्तपुरवठा फारच घटलेल्या आणि शस्त्रक्रियेचा मार्ग न उरलेल्या रुग्णांचे दोन गट होते. पंप वापरलेल्या २४ पैकी १४ जणांच्या जखमा भरल्या आणि पाय वाचला. केवळ जखमेची निगा घेतलेल्या २४ पैकी ४ जणांच्या बाबतीत तसे घडले. रोज सहा तास यंत्राला पाय जोडून बसावे लागत होते. आकडे आशादायक आहेत. पण अभ्यास लहान होता आणि रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. म्हणून अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत या पंपाला “विचार करता येईल” एवढेच स्थान दिले आहे. अँजिओप्लास्टी किंवा बायपास शक्य असेल तेथे पहिला मान त्यांनाच आहे.

ग्राहक म्हणून येथे सावध राहावे. बाजारात “रक्ताभिसरण वाढवणारी” पायाची मालिश यंत्रे विपुल मिळतात. रुग्णालयात गुठळ्या टाळण्यासाठी वापरतात तो हवेचा पंपही वेगळा. तो कमी दाबाने आणि संथ गतीने चालतो. रोहिणीसाठीचा पंप या दोहोंहून निराळा आहे. पायाच्या शिरेत ताजी गुठळी, अनावर हृदयविकार किंवा चिघळलेला जंतुसंसर्ग असेल तर तो वापरत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय यांपैकी कोणतेही यंत्र आजारी पायाला लावू नये.

पायाची खरी शुश्रूषा

बहुसंख्य रुग्णांचा पाय पट्ट्याने किंवा पंपाने वाचत नाही. तो वाचतो साध्या गोष्टींनी. पहिली गोष्ट तंबाखू पूर्ण सोडणे. दुसरी चालणे. पोटरी दुखेपर्यंत चालावे, थांबावे, दुखणे ओसरले की पुन्हा चालावे. अशी ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान १२ आठवडे. या क्रमाने चालण्याचे अंतर लक्षणीय वाढते, हे वारंवार सिद्ध झाले आहे. ज्यांच्या पायावर जखम आहे किंवा विश्रांतीतही वेदना आहे, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. तिसरी गोष्ट म्हणजे रक्त पातळ ठेवणारी व कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे, साखर आणि रक्तदाब यांचा नेम. चौविहार पाळणाऱ्यांनी किंवा दीर्घ उपवास करणाऱ्यांनी मधुमेहाच्या औषधांच्या वेळा व मात्रा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

काही घरगुती सवयीही बदलाव्या लागतात. थंड पावलाला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नये. बधिर त्वचा भाजते आणि कळत नाही. भोवरी पात्याने कापू नये. रोज रात्री पावलाचा तळ आरशात पाहावा किंवा घरातील कोणी पाहून द्यावा. उन्हाळ्यात दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे अशा रुग्णांनी टाळावे. मंदिराचे दर्शन सकाळी लवकर घ्यावे. मऊ तळव्याच्या एमसीआर रबराच्या चपला चामड्याविना मिळतात, त्या या पायांना उत्तम.

विडी-सिगारेट हे रोहिणीविकाराचे सर्वांत मोठे टाळण्याजोगे कारण आहे. तरुणपणीच बोटे काळी पाडणारा बर्गर नावाचा आजार तर तंबाखूशीच निगडित आहे आणि भारतात तो विडी ओढणाऱ्यांत पूर्वापार दिसत आला आहे. ज्या किराणा दुकानात विडीची बंडले विकली जातात, त्या दुकानाच्या मालकानेही ही गोष्ट ठाऊक करून घेतलेली बरी.

पुसेगावहून पुढे

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. २०२४ मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. शेजारच्या वाशिमलाही त्याच वर्षी. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ मात्र छत्रपती संभाजीनगर, नागपूर, पुणे, मुंबई अशा मोठ्या शहरांत गाठावे लागतात. पुसेगावसारख्या गावातील रुग्ण तेथे पोहोचेपर्यंत आठवडे उलटतात आणि ते आठवडे पुष्कळदा घट्ट पट्ट्यातच जातात. विश्रांतीतही दुखणारा किंवा जखम झालेला पाय इतकी उसंत देत नाही. अशा रुग्णांवर रक्तपुरवठा पूर्ववत करणारा उपचार झाला नाही, तर वर्षभरात साधारण पाचांतील एकाचा पाय कापावा लागतो. बोट अचानक काळे-निळे पडले, पाऊल एकाएकी थंडगार व पांढरे झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाटही पाहू नये. तो तासांचा प्रश्न असतो. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, याची विचारणा रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, म्हणजे सुमारे १०.१ कोटी माणसे. बैठ्या व्यवसायातील कुटुंबांनी या आकड्याकडे परके म्हणून पाहू नये.

जयपूर फूटसाठी दान देण्याची परंपरा समाजात आहे. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने १९७५ पासून असंख्य गरजूंना कृत्रिम पाय दिले. ते काम वंदनीयच आहे. त्याच दानशूरतेला आता एक पाऊल अलीकडे आणता येईल. गावोगावी होणाऱ्या रक्तदान व नेत्रतपासणी शिबिरांत पायांच्या तपासणीचे एक टेबल ठेवावे. हातात मावणारा डॉप्लर काही हजार रुपयांत मिळतो आणि प्रशिक्षित परिचारिका तो सहज वापरू शकते. पन्नाशीपुढचे मधुमेही, विडी ओढणारे आणि चालताना पोटरी धरणारे, एवढ्यांचे जरी घोट्याचे दाब मोजले तरी ज्यांचे पाय धोक्यात आहेत ते वेळेत उमगतील. ज्येष्ठांना मोजे वाटण्याचा उपक्रम ठरला असेल, तर ते टेबल मोज्यांच्या टेबलाआधी असावे.

काट्यावर न घालता पोत्याचा सौदा कोणी करत नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या पायाला तेवढीच काळजी मिळावी. पट्टा विकत घेण्यापूर्वी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: “घोट्याचा दाब किती भरला?”